एमबीएच्या अॅडमिशनला स्कोअरचं वजन कुठं किती? सांगली-साताऱ्याच्या पोरांसाठी एक-एक पायरी

गेल्या वर्षी एमबीएच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला त्या संध्याकाळी तासगावहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. द्राक्षबागायतदार माणूस, आवाजातच आनंद मावत नव्हता, म्हणाले, "सर, पोरीला ब्याण्णव पडले की! आता मुंबईचं बजाज पक्कं ना?" मला दोन मिनिटं काय बोलावं कळेना, कारण पोरीनं खरंच मेहनत केली होती आणि ब्याण्णव हा आकडा वाईटही नव्हता, पण ते ब्याण्णव मार्क नव्हते, ब्याण्णव पर्सेंटाईल होते, आणि बजाजची, म्हणजे मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटची, वाट तिथून फार लांब राहते. त्या फोनवर जे अर्धा तास समजावलं तेच आज सविस्तर लिहितोय, कारण दरवर्षी मे-जूनमध्ये विश्रामबागेच्या अभ्यासिकेत माझ्याकडं येणारी निम्मी पोरं आणि त्यांचे पालक याच जागी अडकलेले असतात.

मी स्वतः सांगलीचा, सीईटी देऊनच एमबीए केलं, आणि आता रविवारी जमेल तसं पोरांना गाईड करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, स्कोअर किती आला याच्याइतकंच तो कुठं किती मोजला जातो हे माहीत असणं गरजेचं आहे. मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल तर लगेच लक्षात येईल, एकच ढीग असतो पण एक व्यापारी लांबी-जाडी बघतो, दुसरा हळकुंड मोडून आतला रंग बघतो, आणि दोघांचा भाव वेगळा निघतो. तुमच्या स्कोअरचं पण तसंच आहे.

पहिली पायरी: पर्सेंटाईल आधी घरच्यांना समजवा

पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या मागं किती टक्के पोरं आहेत ते. बास, एवढंच. सीईटीला लाखाच्या वर मुलं बसतात, हिशोबाला सोपं म्हणून एक लाख धरू. ९२ पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या पुढं ८,००० जण. ९९ म्हणजे पुढं १,०००. ९९.९ म्हणजे पुढं १००. आणि जमनालाल बजाजच्या मुख्य एमएमएस (एमबीएसारखीच डिग्री) कोर्सला सीटच १२० आहेत, त्यातही राखीव जागा वेगळ्या, त्यामुळं खुल्या गटाला तिथं ९९.९ च्या वरच गोष्ट सुरू होते. तासगावच्या काकांना मी हेच वहीवर आकडे लिहून घ्यायला लावले, मग त्यांच्या लक्षात आलं.

आता कॅटचं, म्हणजे आयआयएमसाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचं बघा. २०२४ ला साधारण २ लाख ९३ हजार मुलांनी कॅट दिली. म्हणजे ९९ पर्सेंटाईलवाल्याच्या पुढं सुद्धा २,९०० च्या आसपास पोरं आहेत, ९५ वाल्याच्या पुढं साडेचौदा हजार, आणि ९० वाल्याच्या पुढं २९ हजार. आता उलटी गोष्ट पण ऐका, मार्कांच्या हिशोबात कॅटला पेपरच्या एकूण मार्कांच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पडले तरी ९९ पर्सेंटाईल येऊ शकतो. म्हणून मॉक टेस्टला २०४ पैकी ८० पडले म्हणून रडत बसू नका, त्या मॉकला पर्सेंटाईल किती आला ते बघा.

शेजारचे, पाहुणे, मामा-काका "किती टक्के?" असं विचारणारच, पण घरातल्या माणसांना तरी निकालाच्या आधी हे समजावून ठेवा, नाहीतर निकालाच्या दिवशी उगाच वरखाली होतं.

दुसरी पायरी: दोन वाटा ओळखा

एमबीएला जायच्या मुख्य दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत.

एक वाट राज्याची. महाराष्ट्राचा सीईटी सेल एमबीए-एमएमएसची सीईटी घेतो आणि मग कॅप राउंड, म्हणजे मेरिट आणि पसंतीप्रमाणं सीट वाटायच्या फेऱ्या, होतात. इथं इंटरव्ह्यू नाही, ग्रुप डिस्कशन नाही, निबंध नाही. ग्रॅज्युएशनला ५० टक्के, राज्यातल्या राखीव गटांना ४५ टक्के, ही अट पूर्ण केली की मेरिट लिस्ट पूर्ण स्कोअरवर लागते. दहावीला ५८ टक्के होते, बारावीला एक वर्ष गेलं, इंग्लिश बोलताना अडखळता, कुणी विचारणार नाही. आमच्या भागातल्या मराठी मीडियमच्या पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची किंमत बऱ्याच जणांना कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट आयआयएम आणि तशा मोठ्या इन्स्टिट्यूटची, म्हणजे कॅटची. इथं स्कोअर तुम्हाला फक्त इंटरव्ह्यूच्या खोलीपर्यंत नेतो. आत गेल्यावर त्याचं वजन कमी होतं आणि दहावीपासूनचे मार्क, नोकरीचा अनुभव, बोलणं, विचार हे सगळं तराजूत पडतं.

म्हणजे पहिल्या वाटेवर ०.०५ पर्सेंटाईलनं कॉलेज बदलतं, आणि दुसऱ्या वाटेवर ९९.५ वाला घरी बसतो आणि ९८ वाली आत जाते, असंही होतं. दोन्हींचे नियम एकत्र करून डोक्यात ठेवले की गोंधळ होतो, आणि क्लासवाले पण बऱ्याचदा एकाच भाषणात दोन्ही सांगून टाकतात.

तिसरी पायरी: सीईटी, जिथं एक-एक प्रश्न महाग आहे

पेपर २०० प्रश्नांचा, वेळ १५० मिनिटं. भागाकार करा, एका प्रश्नाला ४५ सेकंद. लॉजिकल रिझनिंगचे ७५, अॅबस्ट्रॅक्टचे (आकृत्यांचे) २५, क्वांटचे (गणिताचे) ५०, व्हर्बलचे (इंग्लिशचे) ५०. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निगेटिव्ह मार्किंग नाही.

हे शेवटचं वाक्य मी जाड अक्षरात भिंतीवर लावलंय, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या सीईटीच्या आधी ज्या क्लासला जात होतो तिथं "अॅक्युरसी सांभाळा, माहीत नाही ते सोडा" असं डोक्यात भरवलं होतं, ते खरं तर कॅटचं सूत्र, पण मी ते सीईटीला लावलं आणि २३ प्रश्न कोरे सोडून आलो. पाच पर्यायांमधून डोळे मिटून एक टिक केला असता तरी त्यातले चार-पाच बरोबर आले असते. वरच्या टोकाला पोरं एकमेकांना इतकी चिकटून असतात की चार-पाच मार्कांत शेकडो जण पुढंमागं होतात. माझं त्या वर्षीचं पुण्याचं कॉलेज तिथंच गेलं आणि मला अजून एक वर्ष द्यावं लागलं.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी एकच सवय लावतो. शेवटची चार मिनिटं राहिली की हातातला प्रश्न कितीही सुटत आलेला असू दे, सोडा, आणि कोरे राहिलेले सगळे भरायला घ्या. मॉकमध्ये पण हेच करायचं, नाहीतर खऱ्या पेपरात हात थरथरतो. मागच्या मार्चमध्ये कवठेमहांकाळची एक मुलगी समोर बसून मॉक देत होती, वेळ संपत आली तरी तिचा एक सीटिंग अरेंजमेंटचा सेट सुटेना, पेन्सिलनं कागदावर गोल काढून खोडून भोक पाडलं पण सोडायला तयार नाही. त्या सेटचे पाच प्रश्न, आणि त्याच्या नादात खालचे १४ कोरे राहिले. पेपर झाल्यावर त्या १४ मधले आठ तिनं माझ्यासमोर सहा-सात मिनिटांत सोडवले. त्या दिवसानंतर तिनं घड्याळ टेबलावर काढून ठेवायला सुरुवात केली.

आता होम युनिव्हर्सिटी. सांगली, सातारा, कोल्हापूर म्हणजे शिवाजी युनिव्हर्सिटीचा भाग. तुम्ही इथून ग्रॅज्युएट झालात की इथल्या कॉलेजांसाठी तुम्ही घरचे, आणि मुंबई-पुण्याच्या कॉलेजांसाठी बाहेरचे. बजाजचं बघितलं तर मुंबई युनिव्हर्सिटीवाल्यांचा कटऑफ आणि बाहेरच्यांचा कटऑफ वेगवेगळा लागतो, आणि बाहेरच्यांचा सहसा वर असतो. त्यामुळं गेल्या वर्षीचे कटऑफ बघताना नुसता कॉलेजच्या नावासमोरचा आकडा बघू नका, तो कुठल्या गटाचा आहे ते बघा. सीईटी सेलच्या साईटवर कॅप राउंडनुसार पूर्ण पीडीएफ असते, कंटाळवाणी आहे, शेकडो पानं आहेत, पण एक रविवार त्याच्यात घालवा, कुठल्याही काउन्सेलरच्या दहा हजारांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

चौथी पायरी: कॅट, जिथं स्कोअर फक्त दार उघडतो

कॅट वर्षातून एकदाच, सहसा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दोन तास, तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं आणि एका सेक्शनमधून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. २०२४ ला ६८ प्रश्न होते, व्हर्बलला २४, डीआयएलआर (तक्ते-आलेख आणि लॉजिकल रिझनिंग) आणि क्वांटला २२-२२. बरोबरला ३ मार्क, चुकला की १ कट, पण ज्यात उत्तर टाईप करायचं असतं त्याला निगेटिव्ह नाही, ते कोरे सोडू नका. स्कोअर फक्त त्याच वर्षीच्या अॅडमिशनला चालतो.

इथं पहिला अडथळा म्हणजे सेक्शनल कटऑफ. आमच्याकडची इंजिनिअरिंगची पोरं इथंच पडतात. क्वांटला ९९ पर्सेंटाईल, डीआयएलआरला ९७ आणि व्हर्बलला ६०, एकूण आकडा दिसायला छान, पण जिथं प्रत्येक सेक्शनला किमान पर्सेंटाईल मागितलाय तिथं फॉर्म पहिल्याच चाळणीत बाहेर जातो आणि पोराला कळतही नाही इंटरव्ह्यूचा कॉल का आला नाही. व्हर्बलच्या २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवरचे असतात, म्हणजे व्याकरण घोकून काही होत नाही, इंग्लिश वाचायची सवयच लागते. रोज एक तास इंग्लिश पेपरचे अग्रलेख आणि मोठे लेख, मोबाईल लांब ठेवून, आणि वाचून झाल्यावर मराठीत दोन वाक्यांत सांगायचं की लेखकाला नेमकं काय म्हणायचंय. मराठीत सांगता आलं म्हणजे समजलं. सहा महिने केलं की फरक दिसतो, माझ्या डोळ्यादेखत बऱ्याच जणांना दिसलाय.

दुसरी गोष्ट, आयआयएमनी जाहीर केलेला किमान कटऑफ हा नुसता अर्ज बघायचा आकडा असतो. खुल्या गटातल्या मुलाला अहमदाबाद, बंगळुरू, कलकत्त्याचा कॉल खरंच यायचा तर ९९ च्या पुढंच बघावं लागतं.

आता वजनाचा हिशोब, इथं जरा थांबून वाचा. आयआयएम अहमदाबादनं अलीकडच्या बॅचेसना जी पद्धत ठेवली त्यात इंटरव्ह्यूला बोलवताना कॅटला ६५ टक्के वजन आणि उरलेलं ३५ टक्के अॅप्लिकेशन रेटिंगला, म्हणजे दहावी, बारावी, ग्रॅज्युएशनचे मार्क, कामाचा अनुभव वगैरे. आणि एकदा इंटरव्ह्यू झाला की शेवटच्या यादीत कॅटचं वजन येतं २५ वर, इंटरव्ह्यूला ५०, लेखी अॅनालिसिसला १० आणि रेटिंगला १५. बघा, ज्या स्कोअरसाठी वर्षभर जीव काढला त्याचा शेवटी चौथा हिस्सा उरतो. बाकीच्या आयआयएमची वजनं वेगळी आहेत आणि दरवर्षी थोडीफार बदलतात, प्रत्येकीच्या साईटवर अॅडमिशन पॉलिसीची पीडीएफ असते, फॉर्म भरायच्या आधी ती वाचायचीच.

यातून करायचं काय? दहावी-बारावीचे मार्क आता बदलत नाहीत, त्यामुळं ते कमी असतील तर अशी इन्स्टिट्यूट शोधा जिथं त्यांचं वजन कमी आणि कॅटचं जास्त आहे. उलट कुणी बीकॉम, बीए, बीएस्सी केलेली मुलगी असेल आणि सुरुवातीपासून मार्क चांगले असतील, तर काही आयआयएम मुलींना आणि नॉन-इंजिनिअर मुलांना जादा पॉईंट देतात, तिथं तिला ९६-९७ वर पण आशा ठेवायला हरकत नाही. आणि जे अजून ग्रॅज्युएशनच्या दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी हे आत्ताच लक्षात घ्या, कॉलेजचा सीजीपीए अजून तुमच्या हातात आहे, कॅटच्या नादात सेमिस्टर सोडू नका.

इंटरव्ह्यूला आमच्या पोरांना एक भीती असते, गावाकडचा आहे म्हणून कमी समजतील. माझा अनुभव उलटा आहे. ज्या पोरानं घरच्या बेदाण्याच्या शेडवर काम केलंय, सौद्यात भाव कसा पडतो, कोल्ड स्टोरेजचं भाडं किती, व्यापारी पैसे किती दिवसांनी देतो हे ज्याला माहिती आहे, तो ते नीट सांगू शकला तर समोरचे प्रोफेसर खुर्चीत पुढं सरकून ऐकतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबई गाठायची असेल तर मिरजेत बसताना हीच उजळणी करा, पाठ केलेली इंग्लिश वाक्यं नको.

पाचवी पायरी: बाकीच्या परीक्षा, थोडक्यात

झॅट जानेवारीच्या सुरुवातीला, जमशेदपूरची एक्सएलआरआय घेते, त्यात डिसिजन मेकिंग नावाचा वेगळा सेक्शन आहे. स्नॅप सिंबायोसिसची, डिसेंबरमध्ये, एका तासात ६० प्रश्न. एनमॅट नरसी मोनजीसारख्या संस्थांसाठी, निगेटिव्ह नाही आणि एका सीझनला तीनदा देता येते, म्हणून पहिल्यांदा घाबरणाऱ्यांना बरी. सीमॅटवर बरीच पीजीडीएमची (मॅनेजमेंटचा डिप्लोमा) कॉलेजं चालतात, पण पीजीडीएम कॅप राउंडमध्ये येत नाही, हे विसरू नका. सगळ्या परीक्षांच्या फी भरत बसलात तर पंधरा-वीस हजार सहज जातात, त्यामुळं आधी कॉलेजांची यादी करा, त्यांना कुठला स्कोअर चालतो ते बघा आणि तेवढेच फॉर्म भरा. माझ्या मते नोकरी न करणाऱ्या पोरानं सीईटी, कॅट आणि तिसरी एखादी, एवढंच ठेवावं.

परदेशात किंवा हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलला जायचं असेल तर जीमॅट किंवा जीआरई. जीमॅट २०२४ पासून नव्या स्वरूपातच चालू आहे, सव्वादोन तास, ६४ प्रश्न, स्कोअर २०५ ते ८०५ आणि पाच वर्षं चालतो. इंटरनेटवर जुने ७०० चे किस्से वाचून घाबरू नका, नव्या मोजमापात ६४५ च्या आसपासचा स्कोअर जुन्या ७०० इतका धरतात. तिकडच्या कॉलेजांमध्ये स्कोअर हा फाईलमधला एक कागद असतो, निबंध, शिफारसपत्रं, नोकरीतलं काम याला मोठं वजन. कॉलेजनं जाहीर केलेल्या सरासरीच्या आसपास स्कोअर आला की परत-परत परीक्षा देण्यापेक्षा तो वेळ निबंधाला द्या.

सहावी पायरी: कागदं, स्कोअरइतकीच महत्त्वाची

हे दरवर्षी बघतो आणि दरवर्षी जीव तुटतो. ९८ पर्सेंटाईलचं पोरगं, गटाप्रमाणं चांगलं कॉलेज मिळालं असतं, पण नॉन-क्रिमी लेयर जुनं किंवा जात पडताळणीचं प्रकरण समितीकडं पडलेलं, आणि शेवटी खुल्या गटातून बसावं लागलं. स्कोअर तोच, कागद नाही म्हणून कॉलेज खाली आलं.

म्हणून परीक्षेचा फॉर्म भरतानाच तहसीलला किंवा सेतूला चक्कर मारा. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर, ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते. आयआयएमसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि केंद्राच्या यादीत जात असेल तरच चालतो, राज्याचा दाखला तिथं उपयोगाचा नाही, कार्यालयात अर्ज देतानाच "सेंट्रलचा पाहिजे" असं स्पष्ट सांगा. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण राज्यातल्या अॅडमिशनला आहे, आयआयएमला ते लागत नाही, तिथला कटऑफ बघताना ते डोक्यात ठेवा.

सातवी पायरी: पसंतीक्रम आणि पैसे

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना क्रम हा तुमच्या खऱ्या आवडीचा ठेवा, स्कोअरच्या भीतीनं नको. वर टाकलेलं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्याची संधी जात नाही. पण पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं की ती सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला संधी नाही, त्यामुळं "बघू तरी लागतंय का" म्हणून पहिल्या नंबरला काहीही टाकू नका.

पैशाचा आणि स्कोअरचा संबंध पण इथंच येतो. कॅपमधून अॅडमिशन झाली आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी माफ होते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटातल्या मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. तेच कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की हे मिळत नाही. म्हणजे चार-पाच पर्सेंटाईल कमी पडले म्हणून कोट्यातून त्याच कॉलेजला जाणाऱ्याला दोन वर्षांत काही लाख जादा मोजावे लागतात. घरी बसून हा हिशोब एकदा कागदावर मांडा, मग ठरवा की कोट्यातून जायचं, खालचं कॉलेज कॅपमधून घ्यायचं, की एक वर्ष अजून द्यायचं.

आयआयएम अहमदाबादची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या पुढं आहे, आकडा ऐकूनच आमच्याकडचे वडील नाही म्हणतात. पण मोठ्या आयआयएमला सरकारी बँका घर-जमीन तारण न घेता कर्ज देतात, स्टेट बँकेची स्कॉलर लोन योजना त्यासाठीच आहे. कॉल आला की इंटरव्ह्यूची वाट न बघता बँकेत जाऊन मॅनेजरला भेटून ठेवा.

तासगावच्या त्या मुलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही तिघं, ती, तिचे वडील आणि मी, एक अख्खा रविवार कटऑफची पीडीएफ घेऊन बसलो, ३१ कॉलेजं निवडली, क्रम लावला. दुसऱ्या राउंडला पुण्यात तिच्या यादीतलं सहाव्या नंबरचं कॉलेज कॅपमधून लागलं, ट्यूशन फी माफ. काकांनी जाताना बेदाण्याचा एक बॉक्स ठेवला आणि विचारलं, "आता धाकट्याला कधीपासून बसवू?" धाकटा बारावीला आहे. मी सांगितलं, आत्ता फक्त बोर्डाचे मार्क आणि रोज एक इंग्लिश लेख.